पुलावरचे फूट आणि आपला उंबरठा

आषाढ-श्रावणात सांगलीत दोन माणसे भेटली की हवापाण्याच्या गोष्टी होत नाहीत. एकच प्रश्न होतो, "आयर्विनला पाणी किती?" कृष्णेवरील हा पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. पुलापाशी पाण्याची उंची मोजण्याची खूण आहे. ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन फुटांच्या आसपास गेले. जुलै २०२१ मध्ये ते सुमारे ५५ फुटांवर थांबले, आणि त्याआधी २००५ साली ५४ फुटांच्या जवळपास आले होते.

विद्यार्थी मित्रांनो, आता असे समजा की तुम्ही मारुती चौकाच्या बाजूला किंवा सूर्यवंशी प्लॉटमध्ये राहता. रेडिओवर सांगितले, "पाणी ५० फूट झाले, तासाला तीन इंच वाढत आहे." घरात आजी आजारी आहे. सामान माडीवर न्यायचे की घर सोडायचे? सोडायचे तर आत्ता की सकाळी? पन्नास फूट ही संख्या पुलाची आहे, तुमच्या उंबरठ्याची नाही. पुलाची संख्या उंबरठ्याच्या भाषेत कशी आणायची? हा प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण तो बराचसा मापनशास्त्राचा, म्हणजे आमच्या पदार्थविज्ञानाचा आहे.

एका घरापुरते उत्तर काढणे सोपे आहे. तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण असेल. रंग दिला असला तरी घरातील मोठ्या माणसांना ती जागा नेमकी सांगता येते. उंबरठ्यापासून त्या खुणेपर्यंतची उंची टेपने मोजा. समजा ती १.८० मीटर आली. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून ही उंची ५.९ फूट झाली. पुराचे पाणी वाढायचे थांबले त्या वेळी पुलापाशी ५७.५ फूट होते. तेव्हा ५७.५ मधून ५.९ वजा करा. ५१.६ उरले. तुमचा उंबरठा 'आयर्विनच्या ५१.६ फुटांवर' आहे. पाणी ५० फूट असेल तर अजून १.६ फूट, म्हणजे सुमारे १९ इंच शिल्लक आहेत. तासाला तीन इंच या वेगाने जवळजवळ साडेसहा तास मिळतात. रस्ता उंबरठ्यापेक्षा खाली असतो, हे मात्र विसरू नका. बाहेर पडण्याची वेळ रस्त्याच्या उंचीवरून ठरवायची, उंबरठ्याच्या नव्हे.

या रीतीत एक गृहीत दडलेले आहे. पुलापाशी आणि तुमच्या दारापाशी पाण्याचा पृष्ठभाग एकाच पातळीत आहे, असे आपण मानले. पाणी तुंबून पसरलेले असताना, पुलाच्या जवळच्या वस्त्यांत हे बऱ्याच अंशी खरे असते. पण नदी वाहते याचाच अर्थ तिच्या पृष्ठभागाला उतार आहे. म्हणून भिलवडीच्या किंवा हरिपूरच्या घराला ही वजाबाकी जशीच्या तशी लावू नये. दुसऱ्या पुराची खूण असेल तर पडताळा घेता येतो. २०२१ मध्ये ५५ फुटांना या घरात ३.४ फूट, म्हणजे एक मीटरच्या थोडेसे वर पाणी यायला हवे होते. आले होते का, ते घरातल्यांना विचारा.

इथवर संगणकाची गरज पडली नाही. ती पडते पुढे. वर्गातील साठ मुलांनी साठ घरांची अशी मापे आणली, पलीकडच्या शाळेने शंभर आणली, तिसऱ्या शाळेने दोनशे. ही सारी मापे एका नकाशावर मांडली तर पाणी ४६ फुटांना कोणत्या गल्लीत येते, ४८ ला कोणत्या, आणि कोणता रस्ता आधी बंद होतो, हे एका दृष्टिक्षेपात दिसेल. त्यासाठी प्रत्येक मापाला 'कोठे' ही माहिती जोडली पाहिजे. आणि सगळी गंमत या 'कोठे'तच आहे.

सांगलीचे अक्षांश सुमारे १६.८५ उत्तर आणि रेखांश ७४.५८ पूर्व. एका शाळेने आपल्या तक्त्यात आधी अक्षांश लिहिले, दुसरीने आधी रेखांश. वहीत पाहताना काही बिघडत नाही, कारण माणूस समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. त्याला ७४.५८ हे अक्षांश म्हणून दिले, तर तो आपल्या सांगलीला ७४.५८ उत्तर, १६.८५ पूर्व येथे नेऊन ठेवतो. नकाशासंग्रह उघडून पाहा. ती जागा नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात, अस्वल बेटाच्या पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटरवर येते! मौज अशी की या बाबतीत सगळ्या जगाचेही एकमत नाही. बोलताना आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, पण नकाशाच्या माहितीसाठी फार प्रचारात असलेल्या जिओजेसन या लेखनपद्धतीत रेखांश आधी लिहायचे असा नियम आहे. नियम कोणता हे महत्त्वाचे नाही. तो लेखी असावा आणि सर्वांनी पाळावा, म्हणजे झाले.

ही चूक निदान लपत नाही. समुद्रात पडलेली सांगली कोणालाही दिसते. दुसरी चूक अधिक लबाड आहे. जुन्या भारतीय सर्वेक्षण नकाशांत सांगली ४७ एल/९ या क्रमांकाच्या पत्रकात येते. जुन्या पत्रकावरून एखाद्या देवळाचे अक्षांश-रेखांश काढा आणि तेच देवळापाशी उभे राहून मोबाइलवर पाहा. दोन्ही वाचने काळजीपूर्वक घेतली, तरी त्या दोन जागांत शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते. देऊळ हलले नाही. मग काय हलले?

पृथ्वी हलली, असे म्हटले तर चालेल! म्हणजे पृथ्वीचा मानलेला आकार. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तेव्हा मोजणी करणारे आधी एक नियमित लंबगोल मानतात आणि त्यावर अक्षांश-रेखांशांची जाळी आखतात. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटन यांनी सुरुवात केली. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये भारताला चांगला बसेल असा लंबगोल ठरवला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मापापेक्षा सुमारे ८६० मीटर कमी होती. त्या काळच्या साधनांनी एवढी अचूकता साधली याचे मला नेहमीच कौतुक वाटते. आजचे उपग्रह मात्र सगळ्या पृथ्वीला मिळून बसणारा, पृथ्वीच्या गुरुत्वमध्याशी केंद्र असलेला लंबगोल वापरतात. त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. लंबगोल बदलला, त्याचे केंद्र सरकले, की त्यावरची जाळीही सरकते. भारतीय सर्वेक्षण विभागाने २००५ च्या नकाशा धोरणानंतर जनतेसाठी काढलेली पत्रके याच नव्या लंबगोलावर आहेत. जुनी पत्रके जुन्यावर. दोन्ही एकमेकांवर तशीच ठेवली तर शंभर मीटरांत सांगलीच्या किती गल्ल्या बसतील, मोजा. कोरडी गल्ली ओली दिसेल आणि ओली कोरडी.

तिसरी अडचण उंचीची, आणि पुराच्या कामात ती सर्वांत घातक. उपग्रहावरून काढलेली उंची ही मुळात त्या नियमित लंबगोलापासूनची असते. आपण भूगोलात शिकतो ती उंची समुद्रसपाटीपासूनची. शांत पाण्याचा पृष्ठभाग सर्वत्र गुरुत्वाकर्षणाच्या दिशेला काटकोनात राहतो. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सारखे पसरलेले नाही, म्हणून हा पृष्ठभाग नियमित लंबगोलाशी जुळत नाही. कोठे तो वर येतो, कोठे खाली जातो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो लंबगोलाच्या खाली सुमारे १०६ मीटर आहे. जगातील हा सर्वांत मोठा खळगा आणि आपला देश त्याच्या काठाशी! त्यामुळे सांगलीतही समुद्रसपाटीचा पृष्ठभाग लंबगोलाच्या खाली साठ मीटरांहून अधिक जातो. लंबगोलापासूनच्या उंचीचा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या आकड्याहून तेवढाच कमी येतो. काही उपकरणे आतल्या आत दुरुस्ती करून उंची दाखवतात, काही करत नाहीत. दोन मुलांच्या दोन उपकरणांनी शेजारच्या दोन अंगणांत साठ मीटरांचा फरक दाखवला, तर दोष मुलांचा नाही. पण उंची कशापासून मोजली हे तक्त्यात लिहिले नसेल, तर दोष नक्कीच तक्त्याचा आहे.

आपल्या आजोबांना विचारा, पूर्वी मण आणि शेर गावोगाव वेगळे असत. १९५६ च्या वजनमापे कायद्याने किलोग्रॅम आणि मीटर आले, आणि सांगलीच्या हळदीच्या पेठेतला किलो मुंबईलाही किलोच राहिला. नकाशाच्या जगात हे काम अलीकडे झाले. प्रत्येक संदर्भपद्धतीला आता एक क्रमांक आहे. हे क्रमांक आरंभी युरोपातील तेलकंपन्यांच्या मोजणीतज्ज्ञांच्या गटाने दिले. विहीर शंभर मीटर चुकली तर किती पैसा बुडतो हे त्यांना कळत होते! त्या गटाच्या नावावरून हे 'ईपीएसजी' क्रमांक म्हणून ओळखले जातात. डब्ल्यूजीएस ८४ वरील अक्षांश-रेखांशांचा क्रमांक ४३२६. आणि आपल्या भागात अंतरे मीटरमध्ये मोजायची तर ३२६४३. यातला शेवटचा ४३ हा ७२ ते ७८ अंश पूर्व या पट्ट्याचा क्रमांक. या पद्धतीत ७५ अंश रेखावृत्ताला ५,००,००० मीटर असे नाव देऊन तेथून पूर्व-पश्चिम मोजतात आणि विषुववृत्तापासून उत्तर. सांगली ७५ अंशांच्या थोडी पश्चिमेला, म्हणून तिचा पूर्वेचा आकडा ४,५५,००० च्या आसपास आणि उत्तरेचा १८,६३,००० च्या आसपास येतो. हे आकडे येथे छापले आहेत म्हणून मानू नका. सांगलीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६.५ किलोमीटर, एवढे घेऊन पहिला आकडा स्वतः काढून पाहा.

क्रमांक ठरले, तरी ते सर्वांच्या संगणकात सारखे वापरले गेले पाहिजेत. येथे दुसरी एक कथा येऊन मिळते. १९८२ साली अमेरिकेच्या सैन्याच्या इलिनॉय येथील प्रयोगशाळेत लष्करी तळांच्या जमिनींची निगा राखण्यासाठी 'ग्रास' नावाची संगणकप्रणाली लिहायला घेतली गेली. ती सर्वांना खुली होती. कोणीही घ्यावी, आत उघडून पाहावी, सुधारावी. ती वापरणाऱ्यांच्या मंडळातूनच, वेगवेगळ्या प्रणालींनी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलावे याचा विचार सुरू झाला, आणि १९९४ मध्ये 'ओजीसी' ही नकाशांच्या माहितीची मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे खुल्या प्रणाली आणि मानके ही एका घरातली भावंडे आहेत. २००२ मध्ये अलास्कातील गॅरी शर्मन यांनी 'क्यूजीआयएस' सुरू केली. आज जगभरचे स्वयंसेवक ती वाढवतात. २००६ मध्ये अशा अनेक प्रणालींना आधार देणारे 'ओएसजिओ' हे प्रतिष्ठान स्थापन झाले.

मुक्तस्रोत प्रणाली फुकट मिळते, हे खरे आहे आणि आपल्याकडच्या शाळांना ते लहानसहान नाही. पण माझ्या मते मोठा लाभ वेगळा आहे. जुन्या पत्रकावरची जागा नव्या जाळीवर कशी सरकवली, कोणते सूत्र वापरले, हे या प्रणालीत उघडून वाचता येते. प्रयोगवहीत आपण नुसते उत्तर लिहून भागत नाही, रीत दाखवावी लागते. तोच नियम येथे आहे. शिकण्याचीही सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात क्यूजीआयएसचे पाठ आहेत. रस्ते आणि इमारतींचा आधार म्हणून २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला, लोकांनीच काढलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' घेता येतो. आपल्या देशात नकाशे काढण्यावरची परवानग्यांची बंधने केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरीच सैल केली, तेव्हा शिक्षकांनी त्या बाबतीत फार बिचकण्याचे कारण नाही. मात्र गल्लीची मराठी नावे युनिकोडमध्येच लिहावीत. छापखान्याच्या जुन्या टंकात लिहिलेले 'काकानगर' दुसऱ्या संगणकावर काय होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगणे नलगे.

आता एका मोहाविषयी. प्रणालीत पृथ्वीवरील बहुतेक जमिनीच्या उंचीची माहिती फुकट उतरवून घेता येते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने ती मोजली. सुमारे तीस मीटरांच्या चौकटींत ती मिळते. एक कळ दाबली की अमुक उंचीच्या खालचा सगळा प्रदेश निळा होतो. चित्र फार देखणे दिसते, आणि विज्ञान प्रदर्शनात बक्षीसही मिळून जाईल. पण जरा थांबा. धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ चा पूर ५७.५ फूट यांत फरक साडेबारा फुटांचा, म्हणजे ३.८ मीटरांचा. त्या मोजणीचे उद्दिष्टच मुळी उंचीतील चूक १६ मीटरांच्या आत राखण्याचे होते. प्रत्यक्षात ती पुष्कळ ठिकाणी याहून बरीच कमी निघाली, तरी काही मीटर राहतेच. शिवाय रडारला जमीन दिसतेच असे नाही. दाट झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही त्यात मिसळतात. सांगलीचा सगळा पूर ज्या चार मीटरांत घडतो, ते चार मीटर या पट्टीला नीट दिसत नाहीत. वजनकाट्यावर अत्तर तोलण्यासारखे हे आहे. तेव्हा असा निळा नकाशा पाहून कोणी "आमच्याकडे पाणी येत नाही" म्हणू लागला, तर त्याला भिंतीवरची खूण दाखवा.

उलट तुमची टेप एका सेंटिमीटरपर्यंत अचूक आहे. भिंतीवरच्या खुणेत दोन-चार सेंटिमीटरांची अनिश्चितता धरली, तरी इंचांत बोलता येते. अंतराळयानाला न जमलेले काम नववीच्या वर्गाला जमते ते यामुळेच. जागा मोबाइलने घ्यावी. उघड्यावर ती पाच मीटरांच्या आत-बाहेर मिळते, गल्लीत थोडी अधिक चुकते, पण कोणते घर हे ओळखायला तेवढे पुरते. उंची मात्र मोबाइलने कधीही घेऊ नये.

ज्या घरावर खूण नाही किंवा घर २०२१ नंतरचे आहे, तेथे काय करावे? गवंडी पातळी काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्यावी. जोडलेल्या पात्रांत द्रव एकाच पातळीत राहतो, हा तुमच्या पुस्तकातला नियम. नळीचे एक टोक खूण असलेल्या घरापाशी, दुसरे नव्या घरापाशी. दोन्हीकडे पाणी स्थिरावले की दोन्ही उंबरठ्यांपासून पाण्याची उंची मोजायची आणि वजाबाकी करायची. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, आणि नळीचे तोंड अंगठ्याने झाकलेले असताना वाचन घेऊ नका. वीस मीटरांची नळी असेल तर अशा टप्प्याटप्प्याने सगळी गल्ली मोजता येते. उलट दिशेने परत मोजत मूळ घरापाशी यावे. दोन वाचनांत किती फरक पडला ती तुमची चूक. ती तक्त्यात लिहावी, लपवू नये.

शिक्षकांसाठी तक्त्याचे रकाने सांगतो. घराचा अनुक्रमांक (घरमालकाचे नाव नको), अक्षांश, रेखांश, संदर्भपद्धती ४३२६, उंबरठा आयर्विनच्या किती फुटांवर, समोरचा रस्ता किती फुटांवर, कोणत्या वर्षाच्या खुणेवरून, मोजल्याची तारीख आणि अंदाजे चूक. हा तक्ता साध्या सीएसव्ही स्वरूपात ठेवला तर कोणतीही प्रणाली तो वाचते. पुलाच्या मापाच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळाली, की प्रत्येक उंबरठ्याच्या फुटांना ०.३०४८ ने गुणून तीत मिळवायचे. मग तुमचा तक्ता थेट पाटबंधारे खात्याच्या नकाशांशी ताडून पाहता येतो. त्या नकाशांतील निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. तुमचा नकाशा या रेषांची जागा घेणार नाही. त्या रेषेच्या आत कोणत्या दारात आधी पाणी शिरते, एवढेच तो सांगेल.

समुद्रसपाटीच्या या समान शून्याला मोल किती आहे, हे सांगलीकरांना दुसऱ्या एका वादातून ठाऊक आहे. अलमट्टी धरणाची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर. तिचा फुगवटा आपल्यापर्यंत पोचतो की नाही यावर वर्षानुवर्षे भांडण चालले आहे. त्याचा निर्णय येथे करायचा नाही. पण दोन राज्यांतील दोन ठिकाणच्या पाण्याची उंची एकमेकांशेजारी लिहून वाद तरी घालता येतो, तो दोन्ही उंच्या एकाच शून्यापासून मोजल्या आहेत म्हणून. भारतातील पातळ्यांचे पहिले जाळे १८५८ ते १९०९ या काळात, नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवून बांधले गेले.

करून पाहण्यासाठी दोन उदाहरणे देतो. पहिले : एका घराच्या भिंतीवर २०१९ ची खूण उंबरठ्यापासून २.४४ मीटरवर आणि २०२१ ची खूण १.६८ मीटरवर आहे. दोन्ही खुणांवरून उंबरठा आयर्विनच्या किती फुटांवर येतो ते वेगवेगळे काढा. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी येतात का? दुसरे : याच घरापासून वीस मीटरवरच्या नव्या घरापर्यंत नळी नेली. जुन्या उंबरठ्यापासून नळीतील पाणी ९५ सेंटिमीटरवर आणि नव्या उंबरठ्यापासून ३४ सेंटिमीटरवर दिसले. नव्या घरात पाणी शिरायला आयर्विनला किती फूट व्हावे लागतील?